सत्तेविना धर्म : ख्रिस्ती अनुभव आणि आपण

आमच्या घरात काळ मोजण्याची एक वेगळी रीत होती. कुणाचे वय काढायचे झाले की आजी म्हणायची, "तेरा बाप पुलिस अ‍ॅक्शन के दो बरस पहले का." विहीर बुजली ती पुलिस अ‍ॅक्शनच्या साली, मोठ्या मामूंनी लातूर सोडले ते पुलिस अ‍ॅक्शननंतर. शाळेत मात्र १७ सप्टेंबरला झेंडावंदन व्हायचे आणि त्या दिवसाचे नाव होते मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. एकाच घटनेला घरात एक नाव आणि शाळेत दुसरे. आम्ही सकाळी शाळेत भारतमातेचा जयजयकार करून घरी यायचो, तेव्हा आजी गप्प असायची. ती गप्प का आहे, हे विचारण्याची आमची हिंमत झाली नाही आणि तिनेही कधी सांगितले नाही.

पुढे आम्ही स्वतः नांदेडला शिक्षक झालो. झेंडावंदनानंतर एकदा स्टाफरूममध्ये चहा पीत असताना आमचे एक सहकारी आमच्याजवळ येऊन बसले. ते जालन्याकडचे, ख्रिस्ती. त्या दिवशी भाषणात निजामाच्या राजवटीवर बरेच काही बोलले गेले होते आणि आमचा चेहरा त्यांनी वाचला असावा. ते हळूच म्हणाले, "सर, राजा आपल्या धर्माचा असला की धर्माचं भलं होतं, असं तुम्हाला खरंच वाटतं का? आमच्या इतिहासात तर मला उलटंच दिसतं."

त्या वेळी आम्ही हसून विषय टाळला. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. धर्म आणि सरकार यांचे नाते कसे असावे, ह्या प्रश्नावर ख्रिस्ती जगाने जेवढी डोकेफोड केली आहे आणि जेवढे रक्त सांडले आहे, तेवढे फार थोड्या धर्मांच्या वाट्याला आले असेल. त्यातून आपल्याला, म्हणजे नांदेड-लातूरकडच्या मराठी मुसलमानांना, काही घेता येईल का, हे वाचकांसमोर मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

हजरत ईसांना त्यांच्या विरोधकांनी एकदा पेचात पकडण्याचा प्रयत्न केला. रोमच्या बादशहाला कर द्यावा की देऊ नये, असे त्यांनी विचारले. द्या म्हटले तर आपले लोक नाराज, देऊ नका म्हटले तर सरकारद्रोह. त्यांनी एक नाणे मागवले, त्यावर कुणाचा मुखवटा आहे ते विचारले, आणि बादशहाचे बादशहाला द्या व देवाचे देवाला द्या, अशा अर्थाचे उत्तर दिले. ह्या एका उत्तराचा अर्थ लावण्यात ख्रिस्ती विचारवंतांची जवळपास दोन हजार वर्षे गेली. कुणी म्हणाले, सरकारचे क्षेत्र वेगळे आणि धर्माचे वेगळे. कुणी म्हणाले, नाण्यावर बादशहाची छबी आहे म्हणून नाणे त्याचे; पण माणसावर तर देवाची छबी आहे, तेव्हा माणूस पूर्णपणे सरकारच्या मालकीचा कधीच होऊ शकत नाही. संत पौलाने रोमच्या मंडळीला लिहिले की सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा, कारण सत्ता देवाने नेमलेली आहे. उलट पेत्र आणि इतर प्रेषितांनी न्यायसभेपुढे उभे राहून सांगितले की माणसाच्या हुकमापेक्षा देवाचा हुकूम आम्ही मानू. ही दोन्ही वचने एकाच ग्रंथात आहेत. ज्याला जे सोयीचे, ते त्याने उचलले.

पहिली तीनशे वर्षे ख्रिस्ती लोक थोडे होते आणि रोमन सरकारच्या संशयाखाली होते. त्या काळात, सुमारे इ. स. २०० च्या आसपास, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात तर्तुलियन नावाचा लेखक होऊन गेला. धर्म हा स्वखुशीने स्वीकारायचा असतो, बळजबरीची पूजा देवालाही नको असते, असे त्याने रोमन अधिकाऱ्याला लिहून कळवले. धर्मस्वातंत्र्याची इतकी स्पष्ट मागणी त्याआधी क्वचितच कुणी केली असेल. पुढे ३१३ मध्ये बादशहा कॉन्स्टन्टाईनने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली, आणि ३८० मध्ये थिओडोसियसने तोच राज्याचा धर्म ठरवला. आता सरकार आपले झाले. मग तर्तुलियनचे काय झाले? ३८५ मध्ये प्रिसिलियन नावाच्या एका ख्रिस्ती बिशपाला, त्याची मते चुकीची ठरवून, ख्रिस्ती बादशहाच्या हुकमाने ठार मारण्यात आले. ज्या समाजाने कालपर्यंत मोकळीक मागितली होती, त्याच्याच सरकारने सत्तर-पाऊणशे वर्षांत आपल्याच माणसाचे डोके उडवले. तूरचे संत मार्टिन यांनी ह्याला विरोध केला, हेही नोंदवायला हवे. पण विरोध करणारे थोडे होते.

मागणी करणारे थोडे असतात तेव्हा स्वातंत्र्य हवे असते आणि संख्या वाढली की ते विसरले जाते, हा धडा फक्त ख्रिस्ती लोकांचा नाही. ह्या मुद्द्याकडे आम्ही पुढे परत येणार आहोत.

४१० मध्ये रोम शहर लुटले गेले. राज्य ख्रिस्ती झाल्यानंतर जेमतेम तीस वर्षांत हे घडले. देवाच्या माणसांचे राज्य असून देवाने ते वाचवले कसे नाही, असा आकांत झाला. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून ऑगस्टीनने 'देवाचे नगर' हा आपला मोठा ग्रंथ लिहिला. ते काम तेरा वर्षे चालले. त्याचे सांगणे थोडक्यात असे होते की देवाचे नगर आणि रोमचे राज्य ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्ये उभी राहतात आणि पडतात. राज्य पडले म्हणून श्रद्धा हरली असे समजू नका, आणि राज्य होते म्हणून श्रद्धा जिंकली होती असेही समजू नका. ह्याच ऑगस्टीनने वेगळ्या मतांच्या ख्रिस्ती पंथाविरुद्ध सरकारी बळ वापरायला मान्यता दिली, हा त्याचा दोष लपवण्याचे कारण नाही. पण रोमच्या पडझडीत त्याने जे सांगितले, ते वाचताना आम्हाला आमच्या आजीचे गप्प बसणे आठवले. तिच्या पिढीला असे कुणी काही समजावून सांगितले नव्हते.

हे झाले दूरदेशीचे. आता आपल्या मराठी मुलखात येऊ.

गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते आणि ते उघडपणे ख्रिस्ती राज्य होते. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायासन, सुरू झाले आणि मधला थोडा काळ सोडता १८१२ पर्यंत चालले. त्याचा जाच झाला तो मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांना. नवा ख्रिस्ती माणूस घरात जुन्या रीतीने वागतो का, हे पाहण्यासाठी सरकार त्याच्या चुलीपर्यंत पोहोचले. ह्याच मुलखात फादर स्टीफन्स यांनी मराठीत 'क्रिस्तपुराण' लिहिले आणि १६१६ मध्ये ते रायतूर येथे छापले गेले. धर्म लोकांच्या भाषेत नेण्याचा तो एक धर्मगुरूचा मार्ग. सरकारचा मार्ग १६८४ मध्ये दिसला : स्थानिकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे, असे फर्मान निघाले.

वसईचा अनुभव ह्याच्या उलट आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या डोक्यावरचे 'आपले' राज्य गेले. तर्क असा सांगतो की ज्या धर्माला राज्याने आणले, तो राज्याबरोबर जायला हवा होता. तो गेला नाही. अडीचशेहून अधिक वर्षे झाली, वसईचे ख्रिस्ती आपल्या वाडीत, आपल्या बोलीत, आपल्या लुगड्यात ख्रिस्तीच राहिले. उलट, राज्य गेल्यावर त्यांच्या श्रद्धेवरचा सक्तीचा डाग पुसला गेला. जो राहिला तो आपल्या मर्जीने राहिला.

तिसरा दाखला मुंबईचा. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. तिथले सरकार ख्रिस्ती इंग्रजांचे. पण त्या सरकारने त्यांचे स्वागत केले नाही. त्यांना परत पाठवण्याचे हुकूम काढले. कंपनीला व्यापार हवा होता, धर्मप्रसाराने गडबड नको होती. बऱ्याच खटपटीनंतर त्यांना राहू दिले गेले. आणि चौथा दाखला आपल्या मराठवाड्याचा. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घराण्यातले गृहस्थ १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. पुढे त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले आणि तिथे प्रामुख्याने दलित ख्रिस्ती कुटुंबांना आसरा दिला. त्या गावाला जमीन कुणी दिली? निजामाच्या सरकारने, सालारजंग दिवाण असताना. म्हणजे ख्रिस्ती सरकार ख्रिस्ती धर्मोपदेशकाला बंदरातून परत पाठवू पाहते आणि मुसलमान संस्थानाचे सरकार ख्रिस्ती वस्तीला जमीन देते. ह्यात कुणाच्या औदार्याचे कौतुक करण्याचा आमचा हेतू नाही. राज्यकर्त्याचा धर्म आणि धर्माचे हित ही दोन माणसे एकाच घरात राहतात, हा आपला समज किती कच्चा आहे, एवढेच दाखवायचे आहे.

आता आपल्याकडे वळणे भाग आहे, आणि इथे हात थोडा थरथरतो.

निजामाच्या संस्थानात मुसलमान सुमारे आठांत एक होते. राज्यकर्ता मुसलमान असल्यामुळे नांदेडच्या विणकराला किंवा औशाच्या शेतमजुराला नेमके काय मिळत होते? त्याचे हातमाग, त्याचे कर्ज, त्याचा दुष्काळ हे शेजारच्या हिंदू विणकरासारखेच होते. मिळत होती ती एक भावना : दरबार आपला आहे. कासिम रझवी नावाच्या लातूरच्या वकिलाने त्या भावनेला फुंकर घालून तिचा वणवा केला. रझाकारांनी खेड्यापाड्यांत जे अत्याचार केले, ते खरे आहेत. ते नाकारणारा मुसलमान स्वतःच्या धर्माशी बेइमानी करतो. त्या दिवसांत हैदराबादेत शोएबुल्ला खान नावाचा एक तरुण संपादक होता. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे तो आपल्या 'इमरोज' पत्रात लिहीत असे. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला भर रस्त्यात मारण्यात आले. मुसलमानांचे राज्य वाचवायला निघालेल्यांनी आधी एका मुसलमानाचाच जीव घेतला. प्रिसिलियनची गोष्ट वाचताना ज्याला शोएबुल्ला आठवत नाही, त्याने ती नीट वाचली नाही.

आणि मग १७ सप्टेंबर १९४८. त्यानंतर जे झाले, त्याची चौकशी करायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवले. त्यांच्या अहवालाने संस्थानभरात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही आपली दोन नावे आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. एकट्या लातूर शहराविषयी समितीने लिहिले की वीसहून अधिक दिवस कत्तल चालली आणि दहा हजारांच्या आसपास असलेल्या मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरले होते. त्याच अहवालात हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवल्याच्या नोंदीही आहेत. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. कासिम रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानला गेला. त्याच्या घोषणांची किंमत ज्यांनी मोजली, त्यांतल्या बहुतेकांनी त्याला कधी पाहिलेही नव्हते.

ह्या सगळ्यातून धर्माला काय मिळाले? दरबार असताना जी नमाज होती, तीच दरबार गेल्यावरही राहिली. कंधारच्या हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्यावरचा उरूस थांबला नाही. लातूरच्या सुरतशाहवलींच्या दर्ग्यावर आजही हिंदू-मुसलमान दोघे जातात. निजामाच्या खजिन्याने जे दिले होते ते संपले. अवलियांनी लोकांच्या मनात जे पेरले होते ते राहिले. वसईच्या ख्रिस्ती माणसाचा आणि लातूरच्या मुसलमानाचा अनुभव इथे एकमेकांना भेटतो.

खरे तर हे शिकायला आपल्याला वसईला जाण्याची गरज नव्हती. इ. स. ६१५ च्या सुमारास मक्केत मुसलमानांचा छळ असह्य झाला, तेव्हा पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी आपल्या काही साथीदारांना हबशाला जायला सांगितले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. त्याच्या राज्यात कुणावर जुलूम होत नाही, एवढीच शिफारस पैगंबरांना पुरेशी वाटली. म्हणजे मुसलमानांच्या इतिहासातला पहिला आसरा एका ख्रिस्ती सरकारने दिलेला आहे. निवड राजाचा धर्म पाहून झाली नाही, त्याचा न्याय पाहून झाली. आणि जिथे राज्य मुसलमानांचे होते, तिथे खऱ्या धर्मपंडितांचे वागणे कसे होते? इमाम अबू हनिफा यांनी खलिफा मन्सूरने देऊ केलेले काझीपद नाकारले आणि ७६७ मध्ये कैदेत असताना त्यांचा इंतकाल झाला. ज्यांच्या फिकहवर आपण चालतो, त्या इमामांना आपल्याच धर्माच्या सरकारने तुरुंगात टाकले होते, हे आपल्या मदरशांत किती वेळा सांगितले जाते?

आता तो राखून ठेवलेला अवघड मुद्दा.

भारतात सरकारने कोणत्याही एका धर्माचे असू नये, असे आपण हिरिरीने म्हणतो. हे आपण का म्हणतो? आपण इथे थोडे आहोत म्हणून? की आपल्या श्रद्धेलाच ते पटते म्हणून? थोडे असलेल्या तर्तुलियननेही हेच मागितले होते. कसोटी लागते ती आपण जिथे जास्त आहोत तिथे. शेजारच्या पाकिस्तानात धर्मनिंदेच्या कायद्याखाली आसिया बीबी ही गरीब ख्रिस्ती बाई वर्षानुवर्षे फाशीच्या सावलीत राहिली. तिची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर जानेवारी २०११ मध्ये मारले गेले आणि ख्रिस्ती मंत्री शाहबाज भट्टी मार्च २०११ मध्ये. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयातल्या मुसलमान न्यायमूर्तींनीच तिला निर्दोष सोडले, ही त्यातली दिलासा देणारी गोष्ट. पण त्या आठ वर्षांत आपल्या मराठवाड्यातल्या किती जलशांत, किती जुम्म्याच्या बयानांत तिचे नाव निघाले? आम्ही स्वतः काय केले, असे कुणी विचारले तर आमचेही उत्तर मान खाली घालायला लावणारे आहे. इथे निधर्मी सरकार आणि तिथे धर्माचे सरकार, अशी दोन मापे ठेवणाऱ्या दुकानदाराला बाजारात काय म्हणतात, हे सांगायला नको.

ख्रिस्ती समाजातल्या काहींनी मात्र बहुसंख्य असताना, आपले सरकार असताना हा प्रश्न स्वतःला विचारला. रॉजर विल्यम्स हा कट्टर धर्मोपदेशक होता. मॅसॅच्युसेट्सच्या ख्रिस्ती वसाहतीने त्याला हाकलले आणि १६३६ मध्ये त्याने प्रॉव्हिडन्स हे गाव वसवले. यहुदी, मुसलमान, नास्तिक, कुणावरही श्रद्धेसाठी सक्ती नको, असे तो म्हणत होता आणि कारण देत होता ते धर्माचे : सरकारचा हात लागला की धर्माची बाग उजाड होते. १९३४ मध्ये जर्मनीत चर्चचा मोठा भाग हिटलरमागे उभा राहिला, पौलाचे सत्ताधीनतेचे वचन पुढे करून. तेव्हा काही थोड्या ख्रिस्ती लोकांनी बार्मेन येथे जमून जाहीर केले की चर्चला सरकारचे खाते होता येणार नाही. त्यांच्याच बाजूच्या डिट्रिख बोनहोफर या तरुण धर्मगुरूला ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी दिली गेली. आणि रोमन कॅथलिक चर्चने डिसेंबर १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, प्रत्येक माणसाला धर्मस्वातंत्र्याचा हक्क आहे हे अधिकृतपणे मान्य केले. थिओडोसियसपासून मोजले तर पंधराशे पंच्याऐंशी वर्षे लागली. उशीर झाला खरा, पण हे त्यांनी सोय म्हणून म्हटले नाही. माणसाच्या प्रतिष्ठेतून येणारे तत्त्व म्हणून म्हटले. कुरआननेही धर्मात जबरदस्तीला जागा ठेवलेली नाही. तेव्हा आपल्याला तर पाया परका शोधण्याचीही गरज नाही.

ह्याचा अर्थ ख्रिस्ती समाज आता ह्या परीक्षेत कायमचा पास झाला, असा मात्र नाही. केरळातल्या मुनंबम येथे काही शे कुटुंबांच्या, बहुतेक ख्रिस्ती मच्छीमारांच्या, जमिनीवर वक्फचा दावा आला. त्यांची अडचण खरी होती. तिला उत्तर म्हणून मार्च २०२५ अखेर तिथल्या बिशपांच्या संघटनेने खासदारांना वक्फ दुरुस्ती विधेयकातल्या संबंधित तरतुदींच्या बाजूने मत देण्याचे आवाहन केले. एप्रिलच्या सुरुवातीला कायदा झाला. त्याच आठवड्यात 'ऑर्गनायझर' ह्या साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर देशात चर्चची जमीन किती आहे, याचा लेख झळकला. तो नंतर काढून टाकला गेला, पण ज्यांना समजायचे ते समजले. एका घरात सरकारला बोलावले की ते पुढचे दार विचारत जाते. आपणही ह्यात निष्पाप नाही. वक्फच्या जमिनी कुणी खाल्ल्या, ह्याचा हिशेब मुतवल्लींकडे आपण वेळेवर मागितला असता, तर सरकारला आत येण्याचे निमित्त इतके सहज मिळाले नसते.

नांदेडकरांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. इथल्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याचा कारभार १९५६ च्या कायद्याने चालतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने गुरुद्वारा बोर्डावर सरकारनियुक्त सदस्य वाढवणाऱ्या बदलाला मान्यता दिली, तेव्हा शीख बांधव रस्त्यावर आले आणि सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी वक्फसाठी आपण रस्त्यावर आलो. शिखांच्या मोर्चात आपल्यातले किती जण होते? आपल्या मोर्चात ख्रिस्ती किती होते? ज्याचे जळते तोच ओरडतो. बाकीचे आपले घर लांब आहे, ह्या समाधानात असतात.

कुणी वाचक म्हणेल, धर्म आणि सरकार वेगळे म्हणजे धर्मवाल्यांनी तोंड बंद ठेवायचे काय? मुळीच नाही. इथेही एक ख्रिस्ती उदाहरण आपल्या दारातले आहे. १० ते १२ जानेवारी २०२० ह्या दिवसांत उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान मिळावा, ह्याला काहींनी आधी विरोधही केला होता. दिब्रिटो आता आपल्यात नाहीत. २०२४ मध्ये ते गेले. हा माणूस वसईत हरित वसईच्या लढ्यात उतरला होता, तो चर्चसाठी नव्हे. विहिरी, झाडे आणि शेतजमीन वाचावी म्हणून, सगळ्यांसाठी. धर्माने सरकारशी बोलण्याची ही एक रीत आहे. गादी मागायची नाही, गादीची भीतीही बाळगायची नाही. बादशहा थिओडोसियसने थेस्सलोनिकात कत्तल करवली, तेव्हा बिशप अँब्रोजने त्याला प्रायश्चित्त घेईपर्यंत प्रार्थनेत सामील होऊ दिले नाही. राजा आपल्याच धर्माचा होता, तरीही.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा टँकरपुढच्या घागरींना धर्म नव्हता. ऊस किती लावावा, पाणी कुणाला आधी मिळावे, हे विचारणे मशिदीतल्या मिंबरवरून का होऊ नये? १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात कुणी कुणाच्या मय्यतीला खांदा दिला, हे ज्यांना आठवते त्यांना हे जमण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. आपण वेगळे ठेवू, पण सरकार ठेवते का? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा लाभ आधी हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान आजही बाहेर आहेत. गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाने चर्चची वाट धरली की सरकारच्या वहीत त्याची जात पुसली जाते. गावाच्या वहीत ती तशीच राहते. इथे सरकारच धर्म विचारते आणि त्यानुसार देते-नाकारते. तेव्हा सरकारने धर्मापासून दूर राहावे, ही मागणी सोडता येणार नाही. पण ती मागणी ख्रिस्ती आणि मुसलमान मिळून, आणि तत्त्व म्हणून केली तरच तिला वजन येईल.

६ डिसेंबर १९४८ रोजी, हैदराबादच्या त्या घटनांना तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा घटना समितीत धर्मप्रचाराच्या हक्कावर चर्चा झाली. ख्रिस्ती समाजाला हा शब्द मोलाचा आहे म्हणून तो राहू द्या, असे सांगायला उभे राहिले कन्हैयालाल मुन्शी. काही महिन्यांपूर्वीच निजामाच्या राज्यात भारताचे एजंट जनरल असलेले. मुन्शींची बाकी मते आपल्याला पटोत न पटोत. पण दुसऱ्याच्या श्रद्धेसाठी उभे राहिलेल्या माणसाचे म्हणणे ऐकले गेले, आणि तो शब्द घटनेच्या पंचविसाव्या कलमात आजही आहे.

आमचे ते सहकारी आता निवृत्त होऊन जालन्याला असतात. मागच्या १७ सप्टेंबरला त्यांचा फोन आला. इकडचे-तिकडचे बोलणे झाल्यावर आम्ही त्यांना सांगितले की तुमच्या प्रश्नाचे उत्तर लिहायला घेतले आहे. ते म्हणाले, "लिहा. पण तुमच्या आजीचंही लिहा." म्हणून सुरुवात तिच्यापासून केली. आमच्या नातवाला ह्या वर्षी झेंडावंदनाला पाठवताना आम्ही त्याला दोन्ही नावे सांगितली; शाळेतले आणि घरातले. तो घरी आला तेव्हा आम्ही गप्प बसलो नाही.